ताकदीचे दोन दिवस : नव्या ट्रायथलीटसाठी प्रस्तावना

१९७७ साली हवाईमधल्या ओआहू बेटावर एका रिले शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद रंगला. सगळ्यांत तंदुरुस्त खेळाडू कोण : पोहणारा, धावणारा की सायकलस्वार? अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी त्यावर तोडगा सुचवला. बेटावर आधीपासूनच तीन मोठ्या शर्यती होत असत. वायकिकीच्या समुद्रातलं पोहणं, बेटाला वळसा घालणारी सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन. या तिन्ही एकाच दिवशी एकापाठोपाठ करायच्या. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण पाण्यात उतरले आणि १२ जण शेवटपर्यंत पोचले. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला ११ तास ४६ मिनिटं लागली. ट्रायथलॉन हा प्रकार त्याआधीच, १९७४ मध्ये, सॅन डिएगोच्या मिशन बे इथे सुरू झाला होता. पण जगभरातल्या लोकांच्या मनात या खेळाचं चित्र रुजलं ते हवाईच्या या शर्यतीमुळे, म्हणजेच आयर्नमॅनमुळे.

तो वाद तीन खेळांपुरता होता आणि तिन्ही खेळ दमाचे. म्हणून ट्रायथलॉनची तयारी म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, बाकी सगळं उरलेल्या वेळात, हा समज पहिल्यापासूनच बसला. आजही नवख्या ट्रायथलीटच्या वेळापत्रकात तीनच रकाने असतात. ताकदीचा सराव कुठे आहे असं विचारलं की उत्तर येतं, ‘सुट्टीच्या दिवशी थोडे प्लँक करतो.’ हे पुस्तक चौथा रकाना आखण्यासाठी लिहिलं आहे. तो रकाना लहान आहे. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी साधारण चाळीस मिनिटं. पण त्यात काय लिहायचं हे नीट समजलं नाही तर तो रिकामा ठेवलेला बरा, इतकं मी ठामपणे म्हणेन.

ज्यांच्यासाठी हे लिहिलं आहे ते वाचक माझ्या परिचयाचे आहेत. वय तिशी ते पन्नाशी. दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत. आधी दहा किलोमीटरची एखादी रन झाली, मग हाफ मॅरेथॉन, मग कुणीतरी रविवारी सकाळी सिंहगडाच्या घाटात किंवा कसाऱ्याकडे सायकल घेऊन गेलं आणि त्याची गोडी लागली. २०१५ मध्ये मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पूर्ण केल्याची बातमी घरोघरी पोचली. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ भरली. कोल्हापुरात बर्गमन ट्रायथलॉन भरू लागली. परदेशी जाण्याचा खर्च न करता हा खेळ करता येतो हे लोकांना दिसलं. आता जिल्ह्याच्या गावातली डॉक्टर, शिक्षक, बँकेतली माणसंही जलतरण तलावावर फ्रीस्टाइल शिकताना दिसतात. मला याचा मनापासून आनंद आहे.

मात्र ७०.३ म्हणजे १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. पहिल्याच वर्षी तिथे उडी मारू नये. स्प्रिंट प्रकारात ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर असतात. २००० साली सिडनीत ऑलिंपिकमध्ये आलेल्या प्रकारात १.५, ४० आणि १० किलोमीटर. या पुस्तकातला सगळा सराव या दोन अंतरांना समोर ठेवून आखला आहे.

आता मुख्य गोष्ट. ताकदीचा सराव दम वाढवण्यासाठी करायचा नसतो. दमासाठी तीन खेळ आहेत आणि ते पुरेसे आहेत. नवखा माणूस जिममध्ये जातो तेव्हा त्याला तिथेही धाप लागायला हवी असते, घाम निथळायला हवा असतो. तसं झालं नाही तर व्यायाम झाला असं त्याला वाटत नाही. म्हणून तो हलकी डंबेल्स घेऊन तीस-तीस रेप्स करतो, मध्ये विश्रांती न घेता एका व्यायामावरून दुसऱ्यावर जातो, शेवटी बर्पी करतो. हे वाईट नाही, पण ही दमाचीच आणखी एक तासिका झाली. ताकद वाढते ती थोड्या रेप्सनी, जड वजनाने आणि सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं स्वस्थ बसल्याने. ते बसणं हा सरावाचाच भाग आहे.

आपल्याकडे तालमीची परंपरा मोठी आहे आणि कोल्हापूर-पुण्याच्या वाचकांकडून एक प्रश्न हमखास येतो : जोर-बैठका मारल्या तर चालणार नाही का? जोर हा खांदे, छाती आणि कण्याच्या लवचीकतेसाठी उत्तम व्यायाम आहे, आणि पहिल्या काही आठवड्यांत मी तो आनंदाने सांगतो. बैठकांचंही तसंच. ज्याला सलग वीस बैठका नीट मारता येत नाहीत त्याने बारबेलला हात लावू नये. पण वीसच्या पन्नास, पन्नासच्या दोनशे करत गेलं की वाढते ती मांडीची चिवटपणे टिकून राहण्याची क्षमता. पैलवानाला ती लागते, त्याच्या दिनक्रमात ती बसते, आणि त्याला ताकद द्यायला मेहनतीचे इतर प्रकार आणि जोडीदाराचं वजन असतंच. ट्रायथलीटच्या मांड्या सायकलवर तासाला पाच हजारांच्या आसपास पॅडल फेरे मारतात. त्यांना आणखी दोनशे हलक्या रेप्सची भूक नसते. त्यांना हवं असतं ते एका वेळी जास्त भार पेलण्याचं प्रशिक्षण.

ते का हवं असतं, हे शर्यतीच्या शेवटच्या तासात कळतं. दहा किलोमीटर धावायला सव्वा तास लागला आणि मिनिटाला १६० पावलं पडली तर एकूण १२,००० पावलं झाली, म्हणजे प्रत्येक पायावर ६,०००. प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीचपट धक्का येतो. पोटरीच्या आतल्या बाजूला सोलियस नावाचा रुंद स्नायू आहे. धावताना त्याच्यावर येणारा भार संशोधकांच्या गणितानुसार शरीराच्या वजनाच्या सहा ते आठपट जातो. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत तो आकडा चारशे किलोच्या पुढे गेला. हा स्नायू थकला की टाच लवकर टेकते, पाऊल जमिनीवर जास्त वेळ रेंगाळतं, भार नडगीवर आणि टाचेच्या कंडरेवर सरकतो. खुब्याच्या बाजूचे स्नायू थकले की दर पावलाला कंबर एका बाजूला कलते आणि गुडघा आत वळतो. हृदय-फुप्फुसं अजून चालवायला तयार असतात, पण सांगाडा धरून ठेवणारे हात सुटलेले असतात. नव्या ट्रायथलीटची दुखणी बहुतेक इथे सुरू होतात.

सायकलवरून धावण्याकडे आलेल्यांसाठी यात आणखी एक पेच आहे, आणि तो मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण तो फारसा कुणी समजावून सांगत नाही. पॅडल मारताना मांडीचा स्नायू भार घेत आखडतो. तो ताणला जात असताना त्याला भार पेलावा लागत नाही, कारण तोवर दुसरा पाय पॅडल खाली ढकलत असतो. धावताना नेमकं उलट. पाऊल टेकतं तेव्हा गुडघा वाकतो आणि मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन झेलतो. म्हणजे वर्षभर सायकल चालवलेल्या माणसाकडे धावण्याचं इंजिन असतं, पण झेलण्याचा सराव नसतो. तो उत्साहाने पहिल्याच आठवड्यात आठ किलोमीटर धावतो, धाप लागत नाही म्हणून आणखी दोन वाढवतो, आणि तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याला बर्फ लावून बसतो. वजन घेऊन सावकाश खाली बसणं, पायरीवरून एका पायावर हळू उतरणं, टाच हळू खाली सोडणं या व्यायामांत स्नायूला नेमकं ते झेलणं शिकवलं जातं. म्हणून या पुस्तकात ‘खाली जाताना तीन सेकंद’ ही सूचना पुन्हा पुन्हा येईल. ती पाळा.

इथे एक भीती आड येते. वजनं उचलली तर अंग जड होईल, दम कमी होईल, वेग जाईल. या भीतीला जुना शास्त्रीय आधार आहे असंही सांगितलं जातं, त्यामुळे तो आधार काय आहे ते बघू. रॉबर्ट हिक्सन हा संशोधक स्वतः पॉवरलिफ्टर होता. आपल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांबरोबर तो रोज धावायला जाऊ लागला आणि आपली ताकद ओसरते आहे असं त्याच्या लक्षात आलं. पुढे १९८० मध्ये त्याने दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने आठवड्यातून पाच दिवस वजनं उचलली, दुसऱ्याने सहा दिवस दमाचा सराव केला, तिसऱ्याने दोन्ही पूर्ण केलं. तिसऱ्या गटाची ताकद सात आठवडे वाढली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत घसरली. हा निष्कर्ष नेहमी सांगितला जातो. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मात्र मागे राहते : त्या गटाचा दम दमाचा सराव करणाऱ्या गटाइतकाच वाढला होता. नुकसान झालं ते ताकदीचं. आणि सराव होता आठवड्याला अकरा सत्रांचा! ज्याला वजन उचलण्याच्या स्पर्धेत उतरायचं आहे त्याने या प्रयोगाची काळजी करावी. ट्रायथलीटला घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

उलट बाजूचा पुरावा भक्कम आहे. फिनलंडमधल्या लीना पाव्होलाइनेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की धावपटूंनी नऊ आठवडे आपल्या दमाच्या सरावाचा काही भाग काढून त्या जागी उड्या, छोटे स्प्रिंट आणि वेगाने उचललेली वजनं घातली तेव्हा त्यांची ५ किलोमीटरची वेळ सुधारली. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता मात्र वाढली नव्हती. म्हणजे इंजिन तेच, तेल कमी जळू लागलं. २००२ मध्ये ग्रेग्वार मिले आणि सहकाऱ्यांचा अभ्यास थेट ट्रायथलीटवर होता. चौदा आठवडे नेहमीच्या सरावात जड वजनांची भर घातलेल्या गटाला त्याच वेगाने धावायला आधीपेक्षा कमी ऑक्सिजन लागला. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी अनेक प्रयोग एकत्र तपासून सांगितलं की ताकदीच्या सरावाने खेळातल्या दुखापती एक-तृतीयांशापर्यंत खाली येतात, आणि दुखापती टाळण्यासाठीच्या व्यायामांनी एकूणच अतिवापरातून होणाऱ्या दुखापती जवळपास निम्म्या होऊ शकतात. त्या प्रयोगांतले लोक वेगवेगळ्या खेळांतले होते, म्हणून तो आकडा जसाच्या तसा तुमच्यावर लावू नका. पण दिशा स्पष्ट आहे. आणि फिनलंडच्या प्रयोगातला एक तपशील अधोरेखित करावासा वाटतो : त्यांनी सरावात भर घातली नाही, अदलाबदल केली. आठवड्याला सहा तास देणाऱ्या नोकरदार माणसाने ताकदीसाठी सातवा-आठवा तास झोपेतून काढू नये. एखादी निरुद्देश संथ रन कमी करून काढावा.

अंग जड होण्याविषयी एवढंच की पहिल्या सहा-आठ आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते. असलेल्याच स्नायूंतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावायला मेंदू शिकतो. वजनकाटा हलायच्या आधी वजनं हलकी वाटू लागतात. आठवड्याला दोन सत्रं आणि वर पाच-सहा तास पोहणं-धावणं-सायकल असताना शरीरसौष्ठवपटूसारखे दंड होत नाहीत. त्यासाठी वेगळा आहार आणि वेगळं आयुष्य लागतं.

जिममध्ये गेल्यावर प्रशिक्षक बहुधा ‘आज चेस्ट, उद्या बॅक, परवा शोल्डर’ असा तक्ता हातात देईल. तो त्याच्या कामात चुकीचा नाही, पण तो तक्ता तुमचा नाही. तुम्हाला दोन्ही दिवशी सगळं शरीर वापरायचं आहे, मोजक्या हालचालींत. खाली बसून उठणं, म्हणजे स्क्वॉट. खुब्यातून वाकून जमिनीवरचं वजन उचलणं, म्हणजे डेडलिफ्ट. एका पायावरचा एक व्यायाम : लंज किंवा पायरी चढणं. पोटरी. काहीतरी स्वतःकडे ओढणं, काहीतरी दूर ढकलणं. आणि धड स्थिर ठेवून एका हातात जड वजन घेऊन चालणं. इतकंच.

पोटरीचा व्यायाम सगळे टाळतात, कारण तो दिखाऊ नाही. मी त्याला पहिली जागा देतो. गुडघा सरळ ठेवून एका पायावर टाच उचलणं आणि गुडघा वाकवून, बसून, मांडीवर वजन ठेवून टाच उचलणं हे दोन वेगळे व्यायाम आहेत. सोलियसचं मुख्य काम दुसऱ्यात होतं. एका पायावर सलग वीस-पंचवीस वेळा टाच पूर्ण उंच उचलता येत नसेल तर धावण्याचं अंतर वाढवण्याआधी तिथे लक्ष द्या. कंडरा स्नायूपेक्षा सावकाश बदलते. तिला महिने लागतात. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या बऱ्याच आधी, पावसाळ्यात, हे काम सुरू करणं सोयीचं. रस्ते निसरडे असतात, सायकल तशीही घरात असते.

पोहण्यासाठी वेगळे फारसे व्यायाम लागत नाहीत. नवख्याचा पोहण्यातला तोटा ताकदीचा नसून तंत्राचा असतो आणि तो पाण्यातच भरून निघतो. खुर्चीत पुढे आलेले खांदे मात्र जिममध्ये मागे आणावे लागतात, नाहीतर हात डोक्यावरून पुढे नेताना खांद्याच्या सांध्यात चिमटा बसतो. म्हणून ढकलण्याच्या एका सेटला ओढण्याचे दोन.

वजन किती घ्यायचं? १९४५ मध्ये थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या गुडघ्यांसाठी क्रमाक्रमाने वजन वाढवत नेण्याची पद्धत मांडली. तोवर अशा रुग्णांना हलक्या वजनाच्या पुष्कळ रेप्स देत. त्यांनी ते उलटं केलं आणि रुग्ण लवकर बरे होऊ लागले. आजच्या सगळ्या तक्त्यांच्या मुळाशी तेच तत्त्व आहे. पहिले चार-सहा आठवडे हलक्या वजनाने दहा-बारा रेप्स, फक्त हालचाल नीट बसावी म्हणून. त्यानंतर हळूहळू सहापर्यंत आणि पुढे पाचपर्यंत खाली, वजन वर. प्रत्येक सेट संपताना आणखी दोन रेप्स निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. डोळे मिटून, दात आवळून काढलेली शेवटची रेप या पुस्तकात कुठेही नाही. तिची किंमत पुढच्या दोन दिवसांच्या सरावात मोजावी लागते.

स्त्रियांना जिममध्ये अजूनही दोन किलोची डंबेल्स देऊन बाजूला बसवलं जातं याचं मला वाईट वाटतं. पोहणं आणि सायकल या दोन्हींत हाडांवर शरीराचा भार पडत नाही. हाडांना घट्ट राहण्यासाठी भार लागतो, आणि पाळी थांबण्याच्या वयाच्या आसपास तो सर्वांत जास्त लागतो. चाळिशीतल्या ट्रायथलीट बाईला जड डेडलिफ्ट नीट शिकवणं ही तिला देता येणारी फार मोलाची गोष्ट आहे.

आठवड्यात ही दोन सत्रं कुठे बसवायची यावर स्वतंत्र प्रकरण आहे, पण एक सूत्र आधीच सांगतो. अवघड दिवस अवघडच ठेवा, सोपे दिवस सोपे. सकाळी वेगवान धावणं झालं असेल तर संध्याकाळी वजनं त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी फक्त निवांत पोहणं. रविवारच्या लांब सायकलच्या आदल्या दिवशी स्क्वॉट नको, कारण मांड्यांचं ठणकणं चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी सर्वांत जास्त असतं. शर्यतीआधीच्या शेवटच्या आठवड्यात जड वजन बंद. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत सेट निम्मे करा, वजन तेच ठेवा. ताकद इतक्या लवकर जात नाही.

खाण्याबद्दल थोडं. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी-भात, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री पुन्हा तसंच, या ताटात धावण्याचं इंधन भरपूर असतं, पण स्नायू दुरुस्त करायला लागणारी प्रथिनं कमी पडतात. असा सराव करणाऱ्याने शरीराच्या दर किलोला साधारण दीड ग्रॅम धरावं. म्हणजे साठ किलोला नव्वद ग्रॅम. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराच्या आसपास. मटकीची उसळ, दही, डाळ, मासे, चिकन, सोयाबीन यांतून हा हिशोब घरच्या स्वयंपाकात बसतो. मात्र तो प्रत्येक जेवणात वाटला गेला पाहिजे. रात्री एकदम नको.

रक्तदाब असेल, हृदयाचा त्रास असेल, कंबरेतून पायात कळ जात असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय वजनाला हात लावू नका. जड वजन उचलताना श्वास कोंडला की रक्तदाब क्षणभर बराच वर जातो. उठताना श्वास सोडा.

पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं घरीच करायची आहेत. त्यांना जिम लागत नाही, फक्त एक पायरी, एक भिंत, पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्यांची पिशवी आणि एक खुर्ची लागते. पहिल्या दिवशी खुर्चीच्या कडेला टेकून हात न लावता एका पायावर उठून बघा. डावा आणि उजवा यांतला फरक वहीत लिहून ठेवा, कारण चौथ्या प्रकरणातलं सगळं वजन त्या फरकावरून ठरणार आहे. खुर्ची चाकांची नसावी आणि तिची पाठ भिंतीला टेकवलेली असावी.